दुरुस्तीखालची ओळ

दोन इशारे होते. एक खोटा, एक खरा. मी दोन्ही बंद केले.

चूक एवढीच. करायला तासभर लागला, कबूल करायला तीन हंगाम. आज सकाळी गावाच्या वरच्या अंगाला कुणाचं तरी बॉयलर पेटलं आणि शिजत्या हळदीचा वास जिन्यावरून माझ्या खोलीत आला. थोडा ओल्या मातीचा, थोडा उकडलेल्या रताळ्याचा, मागून हलकासा कापरासारखा. कुणाला तो वास लग्नाचा वाटतो, कुणाला जखमेवर दाबलेल्या चिमटीचा. मला तो आला की आखाडा बाळापूरच्या एका पत्र्याच्या दुकानात खाली मान घालून बसलेला युनूस दिसतो. युनूस माझा शाळेपासूनचा दोस्त. चांगला माणूस आहे. तीच तर सगळी तकलीफ आहे. वाईट असता तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं.

शिमगा जवळ आला की आमचं शिरड शहापूर पिवळं व्हायला लागतं. अंगणं पिवळी, पायांची बोटं पिवळी. कुत्री हळदीच्या ढिगावर लोळून उठतात ती नवरदेवासारखी दिसतात. गच्चीवर माय हळकुंडं वाळत घालते आणि गच्चीला लागून असलेल्या खोलीत मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. दर अर्ध्या तासानं ‘बापू, जरा हात लाव’ अशी हाक येते; घरात मी बापूच. मी हात लावतो आणि त्याच हातांनी परत कीबोर्डवर येऊन बसतो. त्यामुळे माझ्या कीबोर्डवरची एंटरची कळ आणि तिच्या शेजारपाजारच्या चार कळा कायमच्या पिवळ्या आहेत. व्हिडिओवर मीटिंग असली की मी हात टेबलाखाली धरतो. पुण्याच्या साहेबांना वाटतं, गडी लाजाळू आहे.

आता त्या इशाऱ्यांबद्दल. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र सुरू केल्यावर सगळ्यांत आधी उठणारी आणि बाकीच्यांना कामाला लावणारी. घरातली थोरली सून म्हणा. तिच्या हाताखाली एक भाग असतो, कुठली फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणारा. मी त्याला तलाठी म्हणतो. मेमरी कार्ड हे शिवार. त्याचे बारीक बारीक तुकडे पाडलेले, आणि कुठला तुकडा कुठल्या फोटोच्या नावावर ते तलाठ्याच्या वहीत. शिवाय वहीच्या पुठ्ठ्यावर एक आकडा: एवढे तुकडे अजून मोकळे. हा आकडा नुसता सोयीचा. कार्ड घाईत उपसून काढलं तर तो जुनाच राहतो, आतली वही मात्र शाबूत असते. पण आमच्या तलाठ्याला पुठ्ठ्यावरचा आकडा जुळला नाही की तो पडदाभर बोंब मारायचा: कार्ड खराब झालेलं असू शकतं. हा झाला खोटा इशारा. आणि वहीत खरोखरच एक तुकडा दोन फोटोंच्या नावावर लागलेला सापडला, तरी तो तीच बोंब त्याच शब्दांत मारायचा. हा खरा. ज्यानं खेड्यात दिवस काढलेत त्याला फरक कळेल. पुठ्ठ्यावरचा आकडा चुकला तर कुणाची डोकी फुटत नाहीत. एक तुकडा दोघांच्या नावावर लागला तर फुटतात.

ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळते, कारण जगभरातली माणसं मिळून ती लिहितात. दुरुस्ती सुचली की ई-मेलनं पाठवायची; तिथली सगळी पत्रं सगळ्यांना दिसतात. जाणते लोक तपासतात. आमच्या तलाठ्याच्या भागावर एक बाई आहेत, कुठल्या तरी थंड देशातल्या. शाळा तपासायला मोठे साहेब यायचे तेव्हा गुरुजींच्या हातातला खडू जसा थरथरायचा, तसं त्यांचं पत्र आलं की भल्याभल्यांचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना तपासनीसबाई म्हणतो. त्यांनी हो म्हटलं की दुरुस्ती तुमच्या नावासकट इतिहासात नोंदली जाते. मग ती खोडता येत नाही. तुम्हाला नाही, बाईंना नाही, तुमच्या नातवालाही नाही.

मला त्या इतिहासात नाव हवं होतं. कंपनीत दहा वर्षं घालवून मी लिहिलं काय, तर रजेच्या अर्जाचे फॉर्म. रजा मंजूर झाली की हिरवं दिसायचं, नामंजूर झाली की तांबडं. एवढंच माझं वाङ्मय.

युनूसला नावाबिवाचं काही नव्हतं. त्याचे वडील करीमचाचा पत्र्याचं काम करायचे. पूर्वी हळद उघड्या कढयांत शिजायची, तेव्हा आसपासच्या गावांतली गळकी कढई त्यांच्याकडे जायची. सातवीत असताना मायनं मला एकदा कढई देऊन पाठवलं. मी तिच्यात पाणी ओतून, खाली वाकून, भोक शोधत बसलो. शर्ट भिजला, भोक सापडलं नाही. युनूसनं बोटाच्या पेरानं कढई चार ठिकाणी वाजवली, डोळे मिटून ऐकलं, आणि पाचव्या ठिकाणी खडूनं फुली मारली. भोक तिथंच होतं. घरी येऊन मी ही हकिकत मायला कौतुकानं सांगितली, हा माझ्या बालपणातला सगळ्यांत मोठा गाढवपणा. कारण पुढची पंचवीस वर्षं ‘त्या युनूसचे हात बघ’ हे वाक्य मला रोजच्या जेवणात तोंडी लावायला मिळालं.

तोच युनूस डिप्लोमा करून बाळापूरला परत आला. दुकानावर पाटी मोबाइल दुरुस्तीची, पण खरं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे. पुसलेली, चेपलेली, वरणात पडलेली मेमरी कार्डं घेऊन कळमनुरीपासून वारंगा फाट्यापर्यंतचे फोटोवाले त्याच्याकडे येतात. मेलेल्या कार्डांतून फोटो काढता काढता तो तलाठ्याची वही वाचायला शिकला. मी ते पुस्तकांतून शिकलो होतो, म्हणजे शिकलो नव्हतो. फोटोवाल्यांना जुने लॅपटॉप घेऊन त्यांत ही फुकटची सिस्टिम घालून दिली तीही त्यानंच. त्यामुळे आमच्या भागातली अर्धी लग्नं या एका तलाठ्याच्या भरवशावर लागतात, हे त्या तपासनीसबाईंना कुठून माहीत असणार?

तीन हंगामांपूर्वीच्या दिवाळीत मी युनूसच्या दुकानात बसलो होतो. त्यानं मला पडद्यावरची ती बोंब दाखवली. वारंगा फाट्याच्या दिलीप फोटोवाल्यानं ती वाचून घाबरून अख्खं कार्डच पुसून टाकलं होतं. कुणाच्या तरी बारशाचे फोटो गेले.

“काहीच झालेलं न्हाई यार,” युनूस म्हणाला. “पुठ्ठ्यावरचा आकडा जुना, बस. पण हे असं बोंबलून राहिलं, की माणूस चांगलं कार्ड मारून टाकतो. कुठं कळवायचं असतं हे? तुला म्हाईत असंल.”

मला माहीत होतं. मी म्हटलं, मी बघतो. ‘मी बघतो’ हे मराठीतलं फार घातकी वाक्य आहे. ते म्हणणारा एकतर काहीच बघत नाही, नाहीतर फक्त स्वतःचं बघतो.

घरी आलो आणि तासाभरात दुरुस्ती लिहिली. खरं म्हणजे तलाठ्याच्या हाताखाली बोंब मारणारे दोघं वेगळे होते, एक पुठ्ठा बघणारा, एक वही बघणारा, त्यांतल्या एकालाच गप्प करायचं होतं. पण दोघंही ज्या एका दारातून ओरडायचे ते दार मला आधी सापडलं. मी दारालाच कडी घातली: कार्ड काढता-घालता येण्यासारखं असेल तर इथूनच परत फिर. करून पाहिलं. बोंब बंद. शांतता बघून मला इतका आनंद झाला की ही शांतता कुणाकुणाची, हे बघायचं सुचलंच नाही.

या दुरुस्त्यांत एक रीत आहे. मजकुराखाली ओळी लिहितात: दोष प्रथम कुणी कळवला, करून कुणी पाहिलं, तपासलं कुणी. कळवणाऱ्याच्या ओळीत युनूसचं नाव यायला हवं होतं. मी ती ओळ लिहिलीच नाही. बरेच दिवस मी मनाशी म्हणायचो की विसरलो. विसरलो नव्हतो. लिहिली होती, पाहिली होती, आणि ती तिथे असली की दुरुस्ती निम्मी युनूसची दिसते म्हणून पुसली होती.

बाईंचं उत्तर आलं: लागू केली, आभार. तीनच शब्द, पण मी ते छापून मायला दाखवले. पुढचं विचारू नका. शाळेनं सत्कार केला, शाल, नारळ. फाट्यावर फ्लेक्स लागला, ‘जगाच्या संगणकात शिरडचं नाव’, आणि खाली माझ्या काळ्या चष्म्यातल्या फोटोशेजारी ‘संगणकतज्ज्ञ’ या शब्दातला एक ज गळालेला. अर्ध्या हळकुंडानं माणूस पिवळा होतो म्हणतात. मी अर्ध्याचीही वाट पाहिली नाही. सत्काराला युनूस आला होता. मागं भिंतीला टेकून उभा. टाळ्या वाजवल्या त्यानं, आणि जाताना म्हणाला, “बराबर झालं. फोटोवाल्यांची झंझट गेली.” त्याच्या तोंडाकडे मी निरखून बघत होतो, कुठे तरी कडूपणा दिसतो का म्हणून. दिसला असता तर मला किती बरं वाटलं असतं. काही नव्हतं. हा मनुष्य खरोखरच फोटोवाल्यांच्या झंझटीबद्दल बोलत होता.

दिवाळीतली दुरुस्ती हळदीच्या हंगामापर्यंत लॅपटॉपांत उतरली. मी ज्या हंगामाबद्दल लिहितो आहे तो हाच. त्या वर्षी हळद दांडगी आली होती, वाळवायला जागा पुरेना; शाळेचं मैदान, देवळाचा ओटा, रस्त्याची एक बाजू, सगळीकडे हळकुंडं. दुपारी पॉलिशचे ड्रम फिरायला लागले की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. मोटारसायकलवरून जाताना पिवळा धुरळा दातांत जायचा. आणि हळदीच्या त्याच दिवसांत लग्नाची हळद. आमच्याकडे शेतातली हळद आणि नवरीची हळद एकाच वेळी शिजते. दिलीप फोटोवाला रोज एक तांडा, एक गाव करत होता. आता कसं शांत काम चालतंय, म्हणून मला रस्त्यात थांबवून चहा पाजत होता.

बाळापूरजवळच्या तांड्यावरच्या शेवंताबाईंच्या मुलीचं लग्न त्यानंच धरलं होतं. शेवंताबाईंचा भाऊ बारा वर्षं बहिणीशी बोलत नव्हता. बांधावरून काहीतरी झालं होतं. भाचीच्या हळदीला तो आला. न बोलता आला, लाल पटका बांधून. नवरीच्या गालाला हळद लावली, आणि तसाच निघून गेला. नवरीशेजारी शेवंताबाई बसलेल्या होत्या, तेवढ्यात दिलीपनं फोटो घेतला. बारा वर्षांतला बहीण-भावाचा एका चौकटीतला हा एकच फोटो.

दिलीपनं ते कार्ड लॅपटॉपला लावलं, मध्येच उपसलं, आणि वहीत खरंच घोळ झाला. काही तुकडे दोघांच्या नावावर लागले. पुन्हा लावलं तेव्हा तलाठी ओरडायला गेला असणार. दाराला माझी कडी होती. ओरडला असता तर दिलीप थांबला असता आणि कार्ड युनूसकडे आलं असतं. पडदा शांत होता. दिलीपनं त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न घेतलं.

युनूसनं मला फोन करून बोलावलं, म्हणाला, ये, काहीतरी दाखवायचं हाय. गेलो. त्यानं आठ दिवस खपून त्या कार्डातून जे निघालं ते काढलं होतं. पडद्यावर एक फोटो होता. वरच्या निम्म्यात लाल पटका, मामाचं कपाळ, खाली झुकलेले डोळे. खालच्या निम्म्यात दुसऱ्याच लग्नातली जिलबीची परात आणि तिच्यात कुणाचा तरी हात. नवरी नाही, शेवंताबाई नाहीत. हळद नाही. मला आधी हसू आलं. युनूस हसला नाही.

“तुझ्या दुरुस्तीत जरा र्‍हायलं हाय,” तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, जसं माझ्या शर्टाचं बटण उघडं आहे असं सांगावं. मग त्यानं कागदावर दार काढलं, दोन बोंब मारणारे काढले, आणि कडी काढली. त्यानं नवी दुरुस्ती लिहिली होती. पुठ्ठ्यावरचा आकडा चुकला तर तलाठ्यानं मुकाट तो सुधारावा. तुकडा दोघांच्या नावावर लागला तरच ओरडावं, आणि कुठला तुकडा ते सांगून ओरडावं. कुणालाही सुचावं इतकं सोपं. मला सुचलं नव्हतं. दुरुस्ती त्यानं आदल्या दिवशीच बाईंकडे पाठवली होती. कशी पाठवायची ते विचारायला तो या वेळी माझ्याकडे आला नव्हता.

आणि खाली एक ओळ होती. तीही रीतच. दुसऱ्याच्या बदलातला दोष काढला की खाली लिहायचं: ही दुरुस्ती अमुक बदलातला दोष काढते. पुढे त्या बदलाचा क्रमांक आणि मथळा. क्रमांक माझा होता, मथळा माझा होता. त्यावर बोट ठेवलं की माझं नाव उघडत होतं. कळवणाऱ्याच्या ओळीत मी त्याला येऊ दिलं नव्हतं. दोषाच्या ओळीत त्यानं मला नियमाप्रमाणे घेतलं होतं.

दोन दिवसांनी बाईंचं उत्तर सगळ्यांसमोर आलं. या वर्षात वाचलेलं सर्वांत स्वच्छ वर्णन, असं त्यांनी लिहिलं. मी आपले तीन शब्द काढून शेजारी ठेवले. मला ‘आभार’, त्याला ‘सर्वांत स्वच्छ’. युनूसचं इंग्रजी मोडकं आहे, क्रियापदं जागेवर नसतात. तरी स्वच्छ. माझ्या मनात पहिला विचार आला तो शेवंताबाईंचा नाही, दिलीपचा नाही. पहिला विचार असा, की माझ्या वर्णनातली क्रियापदं जागेवर होती.

बाईंनी खाली आणखी एक वाक्य लिहिलं होतं: मूळ बदल ज्यांचा, त्यांनी बघून मत द्यावं.

आठवडाभर मी मत देत राहिलो. पहिल्या दिवशी लिहिलं, एक ओळ दोन अक्षरांनी लांब आहे. युनूसनं आभार मानून ती आखूड केली आणि पुन्हा पाठवली. मग लिहिलं, या नावातून अर्थ नीट कळत नाही. त्यानं नाव बदललं, आभार मानले. मग टिपणाच्या शेवटी पूर्णविराम नाही. त्यानं पूर्णविराम दिला, आभार मानले. त्याच्या प्रत्येक ‘आभारा’नं माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला तो एकदा तरी चिडायला हवा होता. आणि या आठ दिवसांत तो भर उन्हात, दुकान बंद ठेवून, ओळखीच्या एकेका फोटोवाल्याच्या घरी जाऊन हातानं त्याचा लॅपटॉप दुरुस्त करत होता, कारण वरून दुरुस्ती यायला माझं ‘हो’ अडलं होतं. ओळखीचे करून झाले असते; ज्यांना तो ओळखत नव्हता त्यांचं काय? लग्नाच्या तिथी अजून तीन आठवडे होत्या.

नवव्या दिवशी मी बाळापूरला गेलो. तो नुकताच आला होता, डोक्यावर ओला रुमाल. मी इकडचं तिकडचं बोललो, हळद कशी आहे, करीमचाचांचे गुडघे कसे आहेत. मग म्हटलं, “दुरुस्ती चांगली हाय रे. फक्त ती खालची ओळ तेवढी काढ.”

“कोणची?”

“दोषाची. तिची काही गरज न्हाई.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. कढई वाजवून डोळे मिटायच्या आधी तो असाच बघायचा.

“काढतो की,” तो म्हणाला. “त्यात काय.” आणि माझ्यासमोर काढली, पाठवली, आणि चहा मागवला. मी जिंकलो होतो. परतीच्या वाटेवर दातांत पिवळा धुरळा खात मी विचार करत होतो, की मी त्याच्या जागी असतो तर ती ओळ ठळक केली असती. अक्षरं मोठी केली असती. फ्लेक्स लावला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं पत्र आलं, युनूसला. ओळ का काढली? जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक त्या ओळीवरूनच ओळखतात की दोष कधी शिरला आणि दुरुस्ती कुठवर मागं न्यायची. ओळ नसेल तर हे फक्त पुढच्या नव्या आवृत्तीत जाईल, आज वापरात असलेल्या यंत्रांत उतरणार नाही. काही कारण आहे का?

पत्र मी वाचलं, आणि लगेच युनूसचा फोन आला.

“काय लिहू?” त्यानं विचारलं. “तू म्हणशील ते लिहितो, सुधाकर. कारण तूच सांग.”

मी म्हटलं, थांब. फोन ठेवला. बाहेर गच्चीवर माय फळीनं हळकुंडं वर-खाली करत होती, तिचा पदर डोक्यावर तापला होता. तिनं हाक मारली नाही. एरवी दर अर्ध्या तासाला मारते, नेमकी तेव्हा नाही. कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? ही ओळ असली की मी लहान दिसतो? मी सगळी दुपार तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना मी स्वतः केलेला आहे. त्यात लोक काय काय भरतात ते मला माहीत होतं. शेवटी मी बाईंना सगळ्यांसमोर लिहिलं: ओळ परत घ्यावी, दोष माझ्या बदलातलाच आहे, युनूसची दुरुस्ती बरोबर आहे, मी तपासली आहे. आणि खोटा इशारा पहिल्यांदा यानंच कळवला होता. त्याचं नाव मी तेव्हा गाळलं होतं. पिवळी कळ दाबली. पत्र गेलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. दात काढून आल्यासारखं वाटलं, आणि जीभ अजूनपर्यंत त्या जागी जाते.

अखेर दुरुस्ती उतरली, लग्नसराई संपायच्या आत. युनूस फोनवर एवढंच म्हणाला, नाव लिहायची काय गरज व्हती यार. त्यालाही ते खरंच तसं वाटत होतं. मला वाटतं, मोठ्या मनाचे लोक आसपासच्यांना फार त्रास देतात.

मत्सर हळदीसारखा आहे. साबणानं जात नाही. हात धुवा, घासा, वरून उजळ दिसतं, नखांत राहतोच. हळदीचा डाग उन्हात धरला तर उडतो, हे मात्र खरं. म्हणून हे लिहितो आहे. युनूसच्या दुरुस्त्या आता किती झाल्या ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. (काल मोजल्या. बऱ्याच आहेत.) त्या इतिहासात माझं नाव दोनदा येतं: एकदा मी दोष घातला तिथं, आणि एकदा त्यानं काढला तिथं. दोन्हीकडे दोष तोच. मायला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे युनूसमुळं तुझं नाव दुसऱ्यांदा लागलं. असं कोणी मांडायचं असतं का?

पण एक काम राहिलं होतं. शेवंताबाईंना वाटत होतं, फोटो दिलीपनं घालवला. युनूसनं कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, म्हणून सगळं दिलीपवर गेलं, आणि तीन हंगाम झाले, त्या तांड्यावर दिलीपला कुणी बोलावत नाही. हे मला माहीत होतं. दिलीप मला रस्त्यात भेटायचा, आता चहा पाजत नव्हता, मी पाजत होतो.

मागच्या आठवड्यात गेलो. एकटा. शेवंताबाई ओसरीवर बसून गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करत होत्या. भाऊ त्यानंतर पुन्हा आला नाही, हे मला वाटेतच कळलं होतं. आत भिंतीवर चौकटीत तो फोटो लावलेला होता, वर पटका आणि खाली जिलबी. मी खाली बसलो आणि म्हणालो, दिलीपचा दोष नाही, माझा आहे. मग सांगायला सुरुवात केली. तलाठी सांगितला, वही सांगितली, पुठ्ठ्यावरचा आकडा, दोन बोंब मारणारे, दार, कडी. थंड देशातल्या बाई सांगितल्या. खोटा इशारा बंद करणं किती गरजेचं होतं तेही सांगितलं, आणि खरा त्यात कसा गेला ते दोन वेळा सांगितलं. मला वाटतं मी फार चांगलं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते. गड्डा इकडं, हळकुंड तिकडं. मी थांबलो तेव्हा त्यांनी हात थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“दिलीपला सांगते यायला,” त्या म्हणाल्या. मग पुढचा गड्डा उचलून म्हणाल्या, “तू एवढं बोलून राहिला लेका. मंग ते मिशिन बोलत व्हतं, तवा त्याला काहून बोलू दिलं न्हाई?”